यंत्राला जात नसते; यंत्राच्या मालकाला असते!

शीळफाटा हे नाव ठाणे जिल्ह्यात वाहतुकीच्या कोंडीसाठी प्रसिद्ध आहे. मुंब्र्याकडून येणारा, पनवेलकडे जाणारा, महापेकडे उतरणारा आणि कल्याण-डोंबिवलीकडे वळणारा असे रस्ते येथे एकमेकांना भेटतात. बंदरातून निघालेले कंटेनर, भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे ट्रक, कंपन्यांच्या बसगाड्या, रिक्षा आणि पाठीला चौकोनी पिशवी बांधून वाट काढणारी मोटारसायकलवाली पोरे, सगळे एकाच वेळी हॉर्न वाजवीत उभे असतात. या गर्दीत आमचा माणूस कोठे आहे हे पाहायला फार शोधावे लागत नाही. तो कंटेनरवर क्लीनर आहे, बसमध्ये हाऊसकीपिंगचा गणवेश घालून उभा आहे, त्या मोटारसायकलवर आहे आणि रस्त्याच्या कडेला गटाराच्या झाकणाजवळही तोच आहे.

याच फाट्याभोवती आज एक नवे जग उभे राहत आहे. बुलेट ट्रेनसाठी वांद्रे-कुर्ला संकुलापासून शीळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा बोगदा आखला गेला. त्यातला सात किलोमीटरचा भाग ठाण्याच्या खाडीखालून जातो. घणसोली ते शीळफाटा या सुमारे पाच किलोमीटरच्या टप्प्याचे खोदकाम सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झाले. फाट्याच्या एका अंगाला महापे, रबाळे, ऐरोली या औद्योगिक पट्ट्यात जेथे एकेकाळी कारखान्यांचे भोंगे वाजत, तेथे बिनखिडक्यांच्या प्रचंड इमारती उभ्या राहिल्या. दुसऱ्या अंगाला कल्याण-शीळ रस्त्यावर पलावा येथे तशाच इमारतींचे अख्खे संकुल उभारण्याचा करार राज्य सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये एका बड्या बांधकाम कंपनीशी केला. गुंतवणूक ३० हजार कोटी रुपयांची. या इमारतींना डेटा सेंटर म्हणतात.

डेटा सेंटर म्हणजे काय, हे आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावे. आपण मोबाईलवर जो फोटो पाठवतो, बँकेत जो व्यवहार करतो, दवाखान्यात जो केसपेपर काढतो, ते सारे साठवणारे आणि त्यावर अहोरात्र गणिते करणारे हजारो संगणक जेथे रांगेने मांडलेले असतात, ते हे कोठार. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, म्हणून ही कोठारे मुंबईच्या आसपास उभी राहतात. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणून ज्या गोष्टीचा एवढा गाजावाजा चालला आहे, ती काही आकाशातून पडत नाही. ती अशाच कोठारांत, डोंगराएवढी वीज खाऊन आणि गार हवा पिऊन चालते.

आता या कोठाराचा हिशेब मांडू. पलाव्याच्या ३० हजार कोटींच्या प्रकल्पातून प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून सुमारे सहा हजार रोजगार निर्माण होतील, असे करार करतानाच सांगण्यात आले. भागाकार शाळकरी पोरालाही येईल. एका रोजगारामागे पाच कोटी रुपये! आणि यात अप्रत्यक्ष रोजगारही धरलेले आहेत. म्हणजे फाटकावरचा सुरक्षारक्षक, फरशी पुसणारी बाई आणि चहा आणून देणारा पोरगाही त्यात आलाच. आम्ही हा आकडा प्रकल्पाची निंदा करण्यासाठी सांगत नाही. नव्या युगातला उद्योग कसा असतो, हे डोळ्यांपुढे यावे म्हणून सांगतो. भांडवल अफाट, जमीन अफाट, वीज अफाट आणि माणसे मोजकी.

याच कल्याण-शीळ रस्त्यावर एकेकाळी प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना होता. १९९० च्या दशकात तेथे फ्रान्सच्या प्युजो कंपनीच्या सहकार्याने मोटारी बनत. त्या कारखान्याला फिटर लागत, वेल्डर लागत, रंगारी लागत, हमाल लागत, कॅन्टीनला आचारी लागत. कारखाना बंद पडला, जमिनीवर टॉवर उभे राहिले आणि परिसराला ‘प्रीमियर’ हे नाव तेवढे उरले. मुंबईच्या गिरण्यांचे तेच झाले, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कित्येक कारखान्यांचे तेच झाले. १९८२ च्या गिरणी संपात अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. त्यांत आमचे बांधव किती होते हे ज्यांना माहीत करून घ्यायचे असेल त्यांनी कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, उल्हासनगरच्या वस्त्यांत जाऊन म्हाताऱ्यांना विचारावे.

मग यंत्र आमचे वैरी आहे काय? येथे आंबेडकरी चळवळीने गोंधळून जाता कामा नये. बाबासाहेबांनी यंत्राला कधीही शिव्या दिल्या नाहीत. चरखा आणि खेड्याकडे परत जाण्याचा उपदेश करणाऱ्यांचा त्यांनी कठोर समाचार घेतला. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. यंत्राचे जे दुष्परिणाम दिसतात त्यांचा दोष यंत्राला देऊ नका. ज्या समाजव्यवस्थेने यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवला तिला द्या, असे ते सांगत. ज्यांच्या शंभर पिढ्या डोक्यावर मैला वाहण्यात आणि मेलेली ढोरे ओढण्यात गेल्या त्यांना यंत्राची भीती घालणे ही क्रूर थट्टा आहे. आमच्या माणसाला यंत्र हवेच होते. ते त्याच्यापर्यंत पोहोचू दिले गेले नाही, ही आमची तक्रार आहे.

इतिहासातले एक उदाहरण घेऊ. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार होते. परंतु विणाई खात्यात, म्हणजे साच्यांवर, त्यांना प्रवेश नव्हता. का नव्हता? धोट्यातला धागा संपला किंवा तुटला की नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याने तोंड लावलेल्या धोट्याला आपण तोंड कसे लावायचे, म्हणून सवर्ण कामगारांचा विरोध. आणि विणाई खात्यातच तर पगार जास्त! म्हणजे यंत्र मँचेस्टरहून आले, वाफेवर आणि विजेवर चालले, पण त्याच्यासमोर कोणी उभे राहायचे हे मनुस्मृतीने ठरवले. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना खडसावून विचारले की, ‘सर्व कामगार एक’ म्हणता, तर विणाई खात्याचे दार आमच्यासाठी का बंद? ही मागणी संपाच्या मागण्यांत घेण्यास त्यांनी भाग पाडले.

हा धडा आज पुन्हा वाचण्याची वेळ आली आहे. यंत्राला जात नसते. पण ते ज्याच्या मालकीचे असते त्याला जात असते, जो ते चालवायला माणसे निवडतो त्याला जात असते आणि जो त्याला शिकवतो त्यालाही जात असते. आजचे विणाई खाते म्हणजे संगणकाचे, कृत्रिम बुद्धिमत्तेचे खाते. त्याच्या दारावर ‘अस्पृश्यांना मज्जाव’ अशी पाटी नाही. पाटी नाही म्हणून दार उघडे आहे असे मात्र कोणी समजू नये.

आडनावाचीच गोष्ट घ्या. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले गेले. फरक फक्त नावाचा. कोणावर सवर्ण आडनाव, कोणावर दलित, कोणावर मुस्लिम नाव. सवर्ण नावाच्या अर्जाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता जास्त निघाली. तेव्हा अर्ज चाळणारा माणूस होता. आता अनेक ठिकाणी अर्जांची पहिली चाळणी संगणक करतो. काही भाबडी माणसे म्हणतात, बरे झाले, यंत्र निःपक्षपाती असते. अमेरिकेत ॲमेझॉन कंपनीने असे यंत्र करून पाहिले. त्याला आधीच्या दहा वर्षांचे अर्ज ‘वाचायला’ दिले गेले. त्या काळात निवड बहुतेक पुरुषांचीच झालेली. यंत्राने त्यातून काय शिकावे? महिलांचे अर्ज खाली ढकलायला ते शिकले! कंपनीला ते बासनात गुंडाळावे लागले. ही बातमी २०१८ साली जगजाहीर झाली.

आपल्याकडे यंत्र कशातून शिकणार? ज्या पुस्तकांनी, वर्तमानपत्रांनी आणि चित्रपटांनी शतकानुशतके ‘हुशार’ म्हटले की एक जात आणि ‘घाणेरडा’ म्हटले की दुसरी जात दाखवली, त्यांतूनच ना? २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ या नियतकालिकाने हेच तपासले. जगभर गाजलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीला जातीविषयीची अपुरी वाक्ये पूर्ण करायला दिली. चांगल्या गुणापुढे ब्राह्मण आणि हीन कामापुढे दलित, अशी उत्तरे बहुतेक वाक्यांत आली. त्याच वृत्तांतात एका दलित उच्चशिक्षिताची हकिकत आहे. त्याने संशोधनाच्या जागेसाठीचा आपला अर्ज इंग्रजी सुधारण्यासाठी यंत्राला दिला. यंत्राने इंग्रजी सुधारले आणि न सांगता त्याचे आडनावही बदलून उच्चवर्णीय करून टाकले! यंत्राच्या ‘मते’ एवढे शिकलेला माणूस त्या आडनावाचा असूच शकत नव्हता. वाचकहो, मनूला संगणक चालवता येत नव्हता; पण त्याचे विचार संगणकात शिरायला काही अडचण आली नाही.

ही झाली दाराची गोष्ट. आता शिडीची गोष्ट. आमच्या समाजाने गेल्या ऐंशी वर्षांत जी काही प्रगती केली तिची शिडी कोणती होती? गिरणीतला बदली कामगार, त्याचा मुलगा रेल्वेत किंवा महापालिकेत, त्याचा मुलगा बँकेत अगर मंत्रालयात कारकून, आणि त्याची मुलगी इंजिनिअर. ही शिडी आपोआप उभी राहिली नाही. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झालेल्या बाबासाहेबांनी तिच्या पायऱ्या घडवल्या. १९४३ साली केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८.३३ टक्के राखीव जागा त्यांच्याच प्रयत्नाने मिळाल्या. सेवायोजन कार्यालये, तांत्रिक प्रशिक्षण, मालक-मजूर-सरकार यांची त्रिपक्षीय परिषद या सर्वांवर त्यांचा ठसा आहे. कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची कारखाना कायदा दुरुस्ती ही त्यांच्याच मजूर खात्याची कामगिरी.

१९९१ च्या खाउजा धोरणाने, म्हणजे खाजगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरणाने, या शिडीच्या पायऱ्या एकेक करून काढायला सुरुवात केली. चतुर्थ श्रेणी गेली ठेकेदाराकडे, सफाई गेली ठेकेदाराकडे. सप्टेंबर २०२३ मध्ये तर महाराष्ट्र सरकारने इंजिनिअरपासून शिपायापर्यंतची पदे खाजगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरण्याचा शासन निर्णय काढला होता. तरुणांचा संताप पाहून ऑक्टोबर २०२३ मध्ये तो रद्द करावा लागला. निर्णय रद्द झाला, पण वृत्ती रद्द झाली काय?

सरकारी दार अरुंद झाले तेव्हा आमची तरुण पोरे महापे, ऐरोलीच्या कॉल सेंटरकडे आणि संगणक कंपन्यांकडे वळली. रात्रपाळी करून, इंग्रजीचे क्लास लावून, त्यांनी आपल्या हिमतीवर दुसरी शिडी उभी केली. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा पहिला घाव तिच्याच खालच्या पायऱ्यांवर बसू लागला आहे. ग्राहकाच्या फोनला उत्तर देणे, फॉर्म भरणे, हिशेबाच्या नोंदी करणे, भाषांतराचा कच्चा मसुदा करणे, सोपा प्रोग्राम लिहिणे, ही कामे यंत्र करू लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि तीन वर्षांच्या आत देशातील सर्वांत मोठ्या संगणक सेवा कंपनीने, टीसीएसने, सुमारे दोन टक्के म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याची घोषणा केली. हे घडले जुलै २०२५ मध्ये. कंपनीने कारण कौशल्यांचा मेळ न बसण्याचे दिले. कारण काहीही असो, मेळ बसवायला वेळ आणि पैसा ज्याच्यापाशी आहे तो तरतो. ज्याच्या घरी तीन पिढ्यांचे शिक्षण आणि स्वतःचे घर आहे तो सहा महिने घरी बसून नवीन काही शिकू शकतो. ज्याच्या पगारावर दिव्याच्या चाळीतले पाच जणांचे घर चालते, त्याने नवीन कौशल्य कोणत्या वेळात शिकायचे?

तो काय करतो? मोटारसायकल हप्त्याने घेतो आणि पाठीला पिशवी बांधतो. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशात २०२०-२१ साली असे ७७ लाख कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते दोन कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. या कामगाराला मुकादम नाही, हजेरी नाही, साहेब नाही. मोबाईलमधले यंत्र त्याला ऑर्डर देते, वेळ मोजते, पैसे ठरवते आणि कोणी ग्राहकाने तक्रार केली तर त्याचे खाते बंद करते. पूर्वी मुकादमाशी भांडता तरी येत असे. यंत्राशी कसे भांडायचे? पावसात कल्याण-शीळ रस्ता तुंबलेला असतो, हे त्या यंत्राला नकाशावर दिसते; पण उशीर झाला म्हणून दंड मात्र मोटारसायकलवाल्यालाच. ठाण्यात जन्मलेले सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून १० जून १८९० रोजी गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळवून दिली. १३० वर्षांनंतर त्याच ठाण्यातल्या पोराला मोबाईलचे यंत्र रविवारी जादा पैशांचे आमिष दाखवून रस्त्यावर काढते. त्याला ‘भागीदार’ म्हणतात. नफ्यात वाटा नसलेला भागीदार आम्ही प्रथमच पाहतो आहोत!

आणि या सर्व प्रगतीत एक जागा अशी आहे की जेथे यंत्र यायला तयार नाही. ती जागा म्हणजे गटार. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक कडक कायदा झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्याच्या कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मॅनहोल साफ करणारा रोबोट केरळच्या तरुण इंजिनिअरांनी तयार केला आणि २०१८ साली तिरुवनंतपुरममध्ये तो कामाला लागला. म्हणजे कायदा आहे, न्यायालय आहे, यंत्रही आहे. तरीही माणूस गटारात उतरतो आणि गुदमरून मरतो. का? कारण कारकुनाच्या जागी यंत्र आणले की पगार वाचतो. सफाई कामगाराच्या जागी यंत्र आणले तर खर्च वाढतो. त्याचा जीव आधीपासूनच स्वस्त आहे. तो स्वस्त कोणी केला? जातीने केला. यंत्र प्रथम कोठे येणार आणि शेवटी कोठे येणार हे या देशात विज्ञान ठरवत नाही, हे सिद्ध करायला यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

तेव्हा चळवळीने मागायचे काय? ‘यंत्र नको’ असे म्हणणे हा वेडेपणा होईल. १९८० च्या दशकात बँकांच्या संघटनांनी संगणकाला विरोध केला. संगणक आलाच, आणि विरोधात वेळ घालवणाऱ्यांच्या पोरांना तो उशिरा मिळाला. आमची मागणी यंत्राला नकार देण्याची नाही, यंत्रात हिस्सा मिळण्याची आहे.

पहिली मागणी ही की, ज्या उद्योगाला सरकार सवलत देते त्याला सामाजिक न्यायाची अट घातलीच पाहिजे. राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरना सवलतींचा वर्षाव आहे. ती सवलत म्हणजे जनतेचा पैसा. मग त्या बदल्यात नोकऱ्यांत अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी आणि स्थानिक भूमिपुत्रांचा वाटा का नको? खाजगी क्षेत्रातील आरक्षणाचा विषय २००४ साली केंद्रातील संयुक्त पुरोगामी आघाडीच्या किमान समान कार्यक्रमात होता. उद्योगपतींनी ‘आम्ही स्वेच्छेने करू’ म्हणून वेळ मारून नेली. दोन दशके उलटली. स्वेच्छेने मिळालेला न्याय कोणी पाहिला असल्यास आम्हाला जरूर कळवावे.

दुसरी मागणी खरेदीची. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात दलित-आदिवासी उद्योजकांच्या लघुउद्योगांकडून चार टक्के खरेदीचे लक्ष्य आहे. ते केंद्रीय खात्यांना आणि सार्वजनिक उपक्रमांना लागू आहे. सवलतीवर उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरना ते का लागू करू नये? त्यांना केबल लागते, वातानुकूलन लागते, वाहतूक लागते, देखभाल लागते. आमच्यातले लहान उद्योजक हे सारे पुरवू शकतात.

तिसरी मागणी तपासणीची. अर्ज चाळणारे, कर्ज मंजूर करणारे, मोबाईलवरून काम वाटणारे यंत्र जातीने, धर्माने, लिंगाने भेदभाव करते काय, याची सक्तीची आणि स्वतंत्र तपासणी झाली पाहिजे आणि तिचा अहवाल जनतेपुढे आला पाहिजे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोहिमेसाठी दहा हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली. त्यातला काही पैसा या तपासणीवर खर्च झाला, तर संविधानाच्या पंधराव्या आणि सोळाव्या कलमाचा मान राहील.

चौथी मागणी मोबाईलवर राबणाऱ्या कामगारांची. राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली त्यांच्यासाठी कायदे केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतील सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी अशी तरतूद आहे. ती रक्कम शीळफाट्यावरच्या पोराच्या विम्यापर्यंत पोहोचली पाहिजे. मात्र याच संहितांनी ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला सरकारला न विचारता टाळे लावण्याची मुभाही दिली आहे, हे विसरू नये. एका हाताने ताटात वाढायचे आणि दुसऱ्या हाताने ताट ओढायचे, असा हा प्रकार.

आणि पाचवी मागणी सर्वांत आधीची. पहिले यंत्र गटारात उतरवा. ज्या महापालिकेच्या हद्दीत डेटा सेंटर उभे राहते तेथे एकही माणूस मॅनहोलमध्ये उतरता कामा नये.

आता थोडे आपल्याकडे पाहू. सरकारला जाब विचारणे सोपे, स्वतःला विचारणे कठीण. १४ एप्रिलला आपण बॅनर, डीजे आणि रोषणाईवर जो खर्च करतो त्याच्या निम्म्या पैशात वस्तीवस्तीतल्या विहारात चार संगणक आणि एक शिकवणारा माणूस ठेवता आला नसता काय? डेटा सेंटरला सगळे काही आयआयटीवालेच लागतात असे नाही. तेथे वायरमन लागतो, इलेक्ट्रिशियन लागतो, वातानुकूलन दुरुस्त करणारा लागतो, जनरेटर सांभाळणारा लागतो. हे सारे आयटीआयचे अभ्यासक्रम आहेत. दहावीनंतर आमच्या किती मुलांना तेथे पाठवण्यासाठी कार्यकर्ते धडपडतात? १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले तेव्हा नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग भरत. बाबासाहेबांना ठाऊक होते की आमचा विद्यार्थी दिवसा राबतो. मग आज मोटारसायकल चालवणाऱ्या पोरासाठी रात्री दहानंतर उघडा राहणारा वर्ग आपण का काढू नये?

आणि जे शिकले, जे संगणक कंपन्यांत वरच्या खुर्चीवर बसले, त्यांनाही आमचे सांगणे आहे. तुम्ही ज्या यंत्राला शिकवता त्याला आमची पुस्तकेही वाचायला द्या. फुले, शाहू, आंबेडकर, अण्णाभाऊ साठे, दलित साहित्य, आमच्या आयाबायांची आत्मकथने यांचा साठा संगणकात असेल तरच यंत्राला कळेल की ‘हुशार’ या शब्दापुढे आमचेही नाव येते. आपला इतिहास दुसऱ्याने लिहिला म्हणून आपण शतके भोगले. आता आपला इतिहास यंत्राला दुसऱ्याने शिकवू नये.

बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि ही तरतूद संविधानातच असावी, असे मांडले. तेव्हा महत्त्वाचे उद्योग म्हणजे पोलाद, वीज, विमा. आज त्यात हा माहितीचा उद्योग मोडतो. साऱ्या देशाच्या लेकरांची माहिती ज्याच्या कोठारात, तो उद्याचा सावकार. पूर्वीच्या सावकाराच्या वहीत आमच्या आज्याचा अंगठा होता. या नव्या सावकाराकडे आमच्या दहाही बोटांचे ठसे आहेत. त्यावर लोकांची मालकी असावी की मूठभरांची, हा प्रश्न चळवळीने आता विचारला नाही तर पुढे विचारायला जागा उरणार नाही.

शीळफाट्याजवळ ४ एप्रिल २०१३ रोजी लकी कंपाऊंडमधली एक बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. बहुतेक मजूर आणि त्यांची बायकामुले. बांधकाम चालू असलेल्या इमारतीतच ती राहत होती. ती कोणाच्या मोजणीत नव्हती, म्हणून कोणाला वाचवता आली नाहीत. आज त्याच परिसरात प्रत्येक क्लिक मोजणारी यंत्रे उभी राहत आहेत. माणसाची प्रत्येक हालचाल मोजणाऱ्या या युगात आमचा माणूस पुन्हा मोजणीबाहेर राहणार असेल, तर असली बुद्धिमत्ता कितीही कृत्रिम असो, तिच्यातला अन्याय मात्र अस्सल देशी आहे.

फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला एक रस्ता निवडावा लागतो. उभाच राहिला तर मागचा ट्रक त्याला चिरडून जातो. एक रस्ता यंत्राला शिव्या देत घरी बसण्याचा. दुसरा यंत्रापुढे हात जोडून मिळेल ते पदरात घेण्याचा. तिसरा रस्ता बाबासाहेबांनी १९२८ साली गिरणीच्या दारात दाखवला. यंत्र हवे, यंत्रावर काम हवे, त्या कामाचा पूर्ण मोबदला हवा आणि दार अडवणाऱ्याशी संघर्षही हवा. आमचा समाज हाच रस्ता धरील, असा आम्हाला विश्वास आहे.

जयभीम!